राजीखुशीची सही

२००९ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, एका लांबट खोलीत आम्ही तिघे बसलो होतो. मधल्या खुर्चीवर माझी मोठी बहीण, तिच्या डाव्या हाताला अम्मी आणि उजव्या हाताला मी. टेबलापलीकडे चार-पाच माणसे. त्यांच्यासमोर आमच्या कागदांची फाईल. भाईजानच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. वर्षभर आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू होते. आपाची किडनी जुळली होती, आणि ती भावाला देण्याची परवानगी मिळावी म्हणून आम्ही त्या समितीपुढे आलो होतो.

टेबलामागच्या एका बाईंनी आपाला विचारले, "तुम्ही स्वतःच्या मर्जीने देताय ना? कुणाचा दबाव वगैरे?"

आपाने डोक्यावरचा पदर सारखा केला, एकदा अम्मीकडे पाहिले आणि खाली मान घातली. खोलीत क्षणभर शांतता झाली. ती मला सहन झाली नाही. मीच म्हणालो, "मॅडम, त्या राजीखुशीने देताहेत."

बाईंनी आपाकडे पाहिले. आपाने मान हलवली. कागद पुढे सरकवला गेला आणि आपाने सही केली. मोठ्या अक्षरांत, पूर्ण नाव. तिला तशीच सही येते.

ऑपरेशन चांगले झाले. भाईजान त्यानंतर अकरा वर्षे जगले. मुलीचे लग्न त्यांनी स्वतःच्या हाताने केले, हजही करून आले. आपाचीही तब्येत आजवर ठीक आहे. तेव्हा तक्रार करावी असे वरवर काही घडलेले नाही. तरीही त्या खोलीतले माझे ते एक वाक्य मला अधूनमधून टोचत राहते. प्रश्न आपाला विचारला होता. उत्तर मी दिले. आणि ते उत्तर खरे होते की नाही, हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. कारण त्याआधी मी, किंवा घरातल्या कुणीही, तो प्रश्न आपाला विचारलेलाच नव्हता.

अवयवदानाबद्दल आपल्या समाजात चर्चा होते, ती बहुतेक 'जायज की नाजायज' एवढ्यावर थांबते. हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे. पण त्याच्या अलीकडे आणखी एक प्रश्न उभा आहे. देणारा खरोखर देतो आहे का? की त्याच्याकडून घेतले जात आहे? संमती म्हणजे सही, मान हलवणे, गप्प राहणे, की आणखी काही?

आमच्या घरापुरते सांगायचे, तर आपाची निवड कशी झाली हे आठवले की मान खाली जाते. डॉक्टरांनी सांगितले की जवळच्या नात्यातले कुणी असेल तर बरे. अम्मी सत्तरी ओलांडलेली. भाभींना मधुमेह. राहिलो आपा आणि मी. माझा रक्तगट भाईजानचाच होता. हे मला ठाऊक होते, घरात सगळ्यांना ठाऊक होते. पण माझी तपासणी करावी असे कुणी म्हटले नाही, आणि मीही म्हटले नाही. मी नोकरीवाला, दोन मुले शाळेत, घराचे हप्ते चालू. आपा पस्तिसाव्या वर्षी बेवा होऊन माहेरी आलेली. मुलीचे लग्न होऊन ती इचलकरंजीला गेलेली. पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसून ती आपला खर्च काढायची. 'आपाला काय, एकटा जीव' असे शब्द कुणी उच्चारले नव्हते. तरी सगळ्यांच्या मनात तेच होते, आणि ते न बोलताच ठरून गेले. एका संध्याकाळी अम्मी एवढेच म्हणाली, "आपा है ना." आपा तेव्हा आत भाकरी करत होती.

हे आमच्या एकट्या घराचे दुखणे नाही. आपल्या देशात होणारी बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत माणसाने दिलेल्या अवयवावर होतात. देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, असे चित्र गेली अनेक वर्षे दिसते आहे. बायको नवऱ्याला देते, आई मुलाला देते, बहीण भावाला देते. उलट दिशेने जाणारा प्रवाह फार बारीक आहे. प्रेम फक्त बायकांनाच असते, असे तर कुणी म्हणणार नाही. मग हा फरक कुठून आला?

आपल्या घरांत याचे एक जुने उदाहरण आहे, आणि ते प्रत्येकाला माहीत आहे. शरीअतने मुलीला बापाच्या मालमत्तेत हिस्सा दिला. मुलाच्या निम्मा का होईना, पण ठरवून दिलेला, कुणाच्या मेहेरबानीवर न ठेवलेला. आपण व्याख्यानांतून हे अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात काय होते? अब्बांचा इंतकाल झाला, त्यानंतर वर्षभराने तलाठ्याकडे वारस नोंदी करायच्या होत्या. हक्कसोडपत्राचा कागद तयार झाला. त्यात लिहिले होते, 'मी माझा हिस्सा राजीखुशीने भावांच्या नावे सोडत आहे.' आपाने सही केली. मोठ्या अक्षरांत, पूर्ण नाव. तेव्हाही तिला कुणी विचारले नव्हते. बहीण हिस्सा मागते ती माहेर तोडायलाच, अशी आपली समजूत. ज्या घराखेरीज तिला दुसरा निवारा नाही, त्या घरातल्या माणसांनी पुढे केलेल्या कागदावर ती आणखी काय करणार होती?

म्हणजे दहा वर्षांच्या अंतराने आपाने दोन सह्या केल्या. एकीने जमीन दिली, दुसरीने किडनी. दोन्ही कागदांवर शब्द एकच होता. राजीखुशी.

संमती हा विषय आपल्याला नवा आहे, पाश्चात्त्यांकडून आला आहे, असे कुणी म्हणाले तर मी त्यांना आपल्या निकाहकडे बोट दाखवीन. निकाह हा करार आहे, आणि दोन्ही बाजूंच्या कबुलीशिवाय तो होत नाही. वकील आणि दोन साक्षीदार मुलीकडे जातात, मुलाचे नाव, मेहरची रक्कम सांगतात आणि तिची परवानगी विचारतात. मुलगी लाजेने बोलत नसेल तर तिचे गप्प राहणे ही परवानगी मानावी, अशा आशयाची हदीस आहे. एवढे आपल्याला पाठ असते. पण त्याच हदीसमध्ये दुसरा भागही आहे, आणि तो आपण सोयीने विसरतो. जिचे लग्न आधी झालेले आहे, तिचे मौन पुरेसे नाही. तिला स्पष्ट विचारले पाहिजे, आणि तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले पाहिजे. खन्सा बिन्त खिदाम या सहाबिया होत्या. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध त्यांचे लग्न लावले. त्या पैगंबरसाहेबांकडे गेल्या, आणि पैगंबरसाहेबांनी ते लग्न रद्द ठरवले. ही हकीकत सहीह बुखारीत आहे.

याचा अर्थ मला असा दिसतो. मौनाचा अर्थ लावताना गप्प राहणारे माणूस कोण आहे, ते पाहायला शरीअतने सांगितले आहे. कोवळ्या मुलीला लाज आड येते, म्हणून तिच्या मौनाला परवानगी मानण्याची सवलत आहे. जगाचा अनुभव घेतलेल्या बाईला ती सवलत लावता येत नाही. आपा बेवा होती, त्रेपन्न वर्षांची होती. तिच्या शरीरातला अवयव काढायचा होता, आणि तो परत बसवता येत नाही. निकाहसाठी जिचे मौन चालले नसते, तिचे मौन आम्ही ऑपरेशनसाठी चालवून घेतले.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत बराच जागा आहे, हे मान्य केले पाहिजे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. तो सुरुवातीलाच लागू झाला त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. २०११ साली त्यात दुरुस्ती झाली आणि २०१४ साली नवे नियम आले. जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आईवडील, मुले, भाऊबहीण. दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडेही. नात्याबाहेरचा कुणी देणार असेल तर तो प्रेमापोटी देतो आहे, पैशासाठी नाही, याची शहानिशा समिती करते. आणि २०१४ च्या नियमांत एक कलम आहे, ते मी वाचले तेव्हा पुन्हा वाचले. अवयव देणारी स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिच्या स्वतंत्र संमतीची खात्री, ज्याला अवयव मिळणार आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी, असे ते सांगते. निकाहच्या वकिलाचे काम याहून वेगळे काय असते?

पण नियम दारापर्यंत येतो. दाराच्या आत घर असते. समितीतल्या बाईंनी प्रश्न विचारला, तो त्यांचा दोष नव्हे. मात्र आपाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बसलेले असताना विचारला. तिला एकटीला आत घेतले असते, दार लावले असते, आणि 'बाई, नको असेल तर आत्ता सांगा, आम्ही तब्येतीचे कारण देऊ, तुमच्या घरच्यांना कळणार नाही' असे म्हटले असते, तर तिने काय सांगितले असते? काही डॉक्टर अशी वाट ठेवतात. न देणाऱ्यावर घरात आयुष्यभराचा ठपका बसू नये म्हणून ते एवढी आडपडद्याची भाषा वापरतात. ते खोटे आहे का, यावर वाद होऊ शकेल. माझ्या मते ज्या घरात 'नाही' म्हणण्याची किंमत फार मोठी असते, तिथे असा पडदा ठेवणे ही दया आहे. कारण ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याच्या 'हो'ला काही अर्थ उरत नाही.

हीच कसोटी किडनीच्या बाजाराला लावून पाहा. चेन्नईच्या विल्लिवाक्कम भागातल्या इतक्या गरिबांनी किडन्या विकल्या, की लोक त्याला 'किडनीवाक्कम' म्हणू लागले. चेन्नईतल्या ३०५ किडनी विकणाऱ्यांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती. त्यानंतर त्यांच्या कुटुंबांचे उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटले. बहुतेकांचे कर्ज तसेच राहिले. इतरांना असे करण्याचा सल्ला देणार नाही, असे ७९ टक्क्यांनी सांगितले. या सगळ्यांनी कागदांवर सह्या केल्या होत्या. 'प्रेमापोटी देतो' असे लिहून दिले होते. कायद्याने अवयवांच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड ठेवला आहे. उलेमांतले मतभेद मी पुढे सांगणार आहे, पण विक्री हराम आहे, याबद्दल त्यांच्यात जवळपास एकमत आहे. इराणमध्ये सरकारच्या देखरेखीखाली किडनी देणाऱ्याला मोबदला मिळतो. तो अपवाद आहे, आणि तिथेही पुढे येतात ते मुख्यतः गरजूच.

सावकाराच्या दाबाखाली झालेली सही आपल्याला चटकन ओळखता येते. अम्मीच्या नजरेच्या दाबाखाली झालेली सही ओळखता येत नाही. कारण तिथे पैसा नसतो, माया असते. आणि माया खरी असते. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

आता जायज-नाजायजकडे वळतो. या बाबतीत 'इस्लाममध्ये चालते' किंवा 'चालत नाही' असे एका वाक्यात सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. दोन्ही बाजूंना थोर माणसे आहेत.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे. शरीर आपल्या मालकीचे नाही, अल्लाहची अमानत आहे. जे आपले नाही ते दान कसे करणार? शिवाय मय्यतीची हुरमत आहे. मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच आहे, या अर्थाची हदीस आहे. पाकिस्तानचे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी याच आधारांवर विरोध केला होता, आणि आपल्या उपखंडातल्या अनेक उलेमांवर त्यांच्या मताचा प्रभाव आहे. भारतातल्या इस्लामिक फिकह अकादमीने १९८९ साली आपल्या पहिल्या परिसंवादात मधला मार्ग काढला. रुग्णाचा जीव धोक्यात असेल, दुसरा उपाय नसेल, तर जिवंत माणसाने आपली एक किडनी देणे जायज ठरवले, विक्री नाजायज ठरवली. पण मेल्यावर अवयव घ्यावेत ही इच्छा शरीअतच्या दृष्टीने वसीयत ठरत नाही, असे सांगितले.

दुसऱ्या बाजूला सौदी अरबस्तानच्या ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने १९८२ साली जिवंत आणि मृत, दोघांकडून संमतीने अवयव घेण्यास परवानगी दिली. इस्लामी राष्ट्रसंघटनेच्या फिकह अकादमीने १९८६ साली अम्मानमध्ये मेंदूच्या मृत्यूला मृत्यू मानले आणि १९८८ साली जेद्दाहमध्ये प्रत्यारोपणाला अटींसह मान्यता दिली. अटींत संमती होती आणि विक्रीला बंदी होती. मेंदूमृत्यू मात्र सर्वांनी मान्य केलेला नाही. छातीचा भाता चालू असताना माणसाला मय्यत कसे म्हणायचे, हा प्रश्न फक्त मौलवींना पडतो असे नाही. आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येक बापाला तो पडतो.

मी आलीम नाही, शाळामास्तर आहे. तेव्हा फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण अमानतीबद्दल एक साधी गोष्ट मला सुचते. अमानत म्हणजे कपाटात बंद करून ठेवायची वस्तू एवढाच अर्थ असता, तर आईला दुसऱ्याच्या लेकराला दूध पाजता आले नसते. दूध हे शरीरच आहे. बीबी हलीमांनी पैगंबरसाहेबांना पाजले, आणि आजही आपण त्यांचे नाव अदबीने घेतो. इतकेच नव्हे, तर पाजलेल्या दुधाने नाते जुळते आणि ते नाते निकाहच्या आड येते, एवढे वजन शरीअतने त्या देण्याला दिले. म्हणजे शरीरातले देणे निषिद्ध नाही. ते देताना शरीर हलके लेखू नये, आणि देणाऱ्याशी जुळलेले नाते विसरू नये, एवढी अट दिसते. अरफजा नावाच्या सहाबींचे नाक लढाईत तुटले होते. चांदीचे नाक बसवले तर त्याला दुर्गंधी सुटली, तेव्हा पुरुषांना सोने मना असूनही पैगंबरसाहेबांनी त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. एका माणसाचा त्रास दूर करायला मनाई बाजूला झाली. एक जीव वाचवणे म्हणजे सगळ्या माणुसकीला वाचवणे, हा सूरह मायदामधला विचार तर आपल्या प्रत्येक जलशात ऐकू येतो. तो दुसऱ्याच्या अवयवासाठी रांगेत उभे राहताना आठवावा आणि स्वतःची पाळी आली की विसरावा, हे बरे नव्हे. डायलिसिसच्या खोलीत आपल्या समाजाचे रुग्ण कमी नसतात, आणि मिळणारी किडनी कुणाची आहे हे तिथे कुणी विचारत नाही.

इथे सिंगापूरची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९८७ साली तिथे कायदा झाला, की अपघातात मरण पावलेल्या प्रौढ नागरिकाची किडनी, त्याने हयातीत लेखी नकार दिला नसेल, तर घेता येईल. म्हणजे मौन हीच संमती. मुसलमानांच्या धार्मिक भावना लक्षात घेऊन त्यांना यातून वगळले. ज्याने स्वतः होऊन नाव नोंदवले त्याचेच अवयव घ्यायचे. ऐकायला चांगले वाटते. पण त्याच कायद्यात असेही होते, की ज्याने देण्यास नकार दिला, त्याला स्वतःला किडनी लागली तर रांगेत मागे उभे राहावे लागेल. मुसलमान आपोआप बाहेर असल्याने तेही मागच्या रांगेत गेले. वीस वर्षे विचारविनिमय चालला. तिथल्या इस्लामी परिषदेच्या फतवा समितीने २००७ साली समावेशाला मान्यता दिली आणि २००८ पासून मुसलमानही इतरांसारखेच कायद्यात आले. नको असेल त्याला नकार नोंदवण्याची मुभा आहे.

यातून एक गोष्ट कळते. वगळले जाणे हा नेहमीच मान नसतो. मात्र 'मौन म्हणजे संमती' हे तत्त्व आपल्याकडे जसेच्या तसे आणावे, असे मला वाटत नाही. जिथे प्रत्येकाला कायदा समजलेला आहे आणि नकार नोंदवणे सोपे आहे, तिथे गप्प राहण्याला थोडा अर्थ असतो. आपल्या वस्तीतल्या माणसाला रेशनकार्डावरचे चुकलेले नाव दुरुस्त करायला चार खेटे घालावे लागतात. त्याच्या मौनाचा काय अर्थ लावायचा? स्पेनमध्ये १९७९ पासून असा कायदा आहे, पण तिथले डॉक्टरही घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. कायद्याने सूट दिली तरी विचारणे त्यांनी सोडलेले नाही.

आपल्याकडे मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टर लागतात, प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला त्यांत कुणी नसतो, आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. मग घरच्यांना विचारतात. ज्या आईचा जवान मुलगा मोटारसायकलवरून पडला आहे, तिला त्या घडीला विचारतात. तिने 'नको' म्हटले तर तिला दोष देण्याचा कुणाला हक्क नाही. त्या माणसाने स्वतः काय म्हटले असते, हे तिला माहीत नसते. कारण आपल्या घरांत मृत्यूबद्दल बोलणे अशुभ समजतात. वास्तविक कफनाचे कापड आणून ठेवणारी, हजवरून येताना ते झमझममध्ये भिजवून आणणारी माणसे आपण. मरणाची तयारी आपल्याला नवी नाही. नवे आहे ते त्याबद्दल एकमेकांना विचारणे.

आता पुन्हा आपाकडे येतो.

भाईजान २०२० साली कोरोनाच्या पहिल्या लाटेत गेले. किडनी बदललेल्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांचे शरीर टिकले नाही. जनाजाला आम्ही मोजकी माणसे होतो. चाळिसावा झाल्यावर एका दुपारी आपा आणि मी पुढच्या खोलीत बसलो होतो. मी धीर करून अकरा वर्षे उशिराने विचारले, "आपा, तब तुमारे मन में क्या था?"

तिने मशीनवरचा हात काढला नाही. म्हणाली, "पूछे होते तो खुशी से देती थी. पूछे नहीं, तो बी दी. पर वो देना अलग रहता, ये अलग."

मी गप्प. मग तीच पुढे बोलली. म्हणाली, भाई माझ्या मांडीवर वाढला, त्याला मी नाही कशाला म्हटले असते? पण तुम्ही सगळे आधीच धरून चालला होता. मला वाटले, माझ्यापाशी जे आहे ते या घराचेच आहे, माझे काही नाहीच. मग मी दिले काय?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. न विचारता घेतल्याने आम्हाला किडनी मिळाली, यात शंका नाही. पण आपाच्या हातून दानाचा आनंद निसटला, आणि भाईजानच्या वाट्याला बहिणीची देणगी येण्याऐवजी घरातली एक सोय आली. ते अकरा वर्षे आपाच्या समोर थोडे अवघडूनच वागले. ते कृतज्ञतेने असेल, असे मी समजत होतो. आता वाटते, आपण मागितले नाही आणि तरी घेतले, याची ती लाज असावी. निदान माझ्यापुरती ती तीच आहे. माझा रक्तगट जुळत होता. माझ्या मनाने 'नाही' म्हटले होते आणि तो नकार कुणी ऐकूही दिला नाही. मला विचारलेच नाही, हा माझा फायदा झाला. तिला विचारलेच नाही, हे तिचे नुकसान झाले.

गेल्या वर्षी आपाने मला बोलावले. वय आता सत्तरीला टेकले आहे. कुठल्याशा कार्यक्रमात तिने नेत्रदानाची माहिती ऐकली होती. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डॉक्टर घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांचे काम असते, चेहरा विद्रूप होत नाही, दफनाला उशीर होत नाही, चष्मा असला तरी चालते, हे सगळे तिने मलाच समजावून सांगितले. मग म्हणाली, "इस बार किसी ने मांगा नहीं. मैं खुद बोल रही हूँ."

मी जे डोक्यात आले ते बोललो. पेशइमामसाहेब काय म्हणतील, पुतणे काय म्हणतील, मय्यतीच्या वेळी घरात वाद नको. तिने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, पेशइमामसाहेबांना मी विचारले आहे. ते म्हणाले, यात दोन्ही मते आहेत, तुमच्या दिलाला जे पटेल ते करा, मी तुमची नमाज पढवायला येईन. पुतण्यांना मी सांगेन. आणि कयामतच्या दिवसाचे म्हणशील, तर जो बोटांची टोकेसुद्धा पुन्हा जुळवतो, त्याला माझे डोळे कुठे आहेत ते ठाऊक असेल. मग हसली. "मेरा एक हिस्सा तो पहलेच भाई के साथ मिट्टी में गया."

अवयवदानाच्या इच्छापत्रावर दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांतला किमान एक जवळचा नातेवाईक असावा लागतो, असे कायदा सांगतो. निकाहलाही दोनच साक्षीदार असतात. इथला एक मी. पण साक्षीदाराचे काम सही करून संपत नाही, हे आता मला कळते आहे. कागद असला तरी त्या वेळी घरच्यांना विचारतात, आणि घरच्यांनी हात आखडला तर डॉक्टर परत जातात. आपाचे शब्द तेव्हा तिच्या तोंडून येणार नाहीत. हमीद दलवाई ३ मे १९७७ रोजी किडनीच्या विकाराने, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. आपल्यावर कोणताही धार्मिक विधी न करता दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती. ती पुष्कळांना रुचली नाही. मलाही ती माझ्यासाठी नको वाटते. पण मागे राहिलेल्यांनी स्वतःची मते आणि समाजाचा राग बाजूला ठेवून गेलेल्या माणसाचा शब्द पाळला, ही गोष्ट त्यांच्या मतांशी जमत नसलेल्यानेही मानली पाहिजे.

मी कागद हातात घेतला. पण सही करण्याआधी, आयुष्यात पहिल्यांदा, आपाला समोर बसवून विचारले, "आपा, तुमारी मर्जी है?"

ती काही क्षण माझ्याकडे पाहत राहिली. मग स्पष्ट आवाजात म्हणाली, "हाँ. है."

मग तिने सही केली, मोठ्या अक्षरांत, पूर्ण नाव. तिच्याखाली मी केली. त्याच आठवड्यात मी माझाही कागद भरला. माझ्यासाठी साक्षीदार म्हणून आपा बसली, आणि सही करण्याआधी तिनेही मला विचारले. गेल्या महिन्यात तलाठी कार्यालयातही जाऊन आलो. पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेला हिस्सा परत नावावर कसा करता येतो, त्याची चौकशी करायची होती. काम सोपे नाही असे दिसते. पण या वेळी आधी आपाला विचारून गेलो होतो.